मंगळवारी रात्री घरी यावंसं वाटलं तर

समोरच्या घराच्या ड्राइव्हवेवर बास्केटबॉलचा हूप आहे. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्याच्यासमोर येते. इंडियानातल्या या घरात राहायला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षं मी कणीक मळताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना त्या चेंडूचा आवाज ऐकत आले. तीनदा आपटल्याचा, मग क्षणभर काहीच नाही, मग जाळीचा ‘सप्प’ किंवा कडीचा ‘ठण्ण’. तिथला मुलगा सात वर्षांचा होता तेव्हा ‘ठण्ण’च जास्त यायचा. पुढे पुढे तर आवाजावरूनच कळायचं, की आज लेकराचं काहीतरी बिनसलंय.

तो माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मुलाचे मित्र मला काकू म्हणतात म्हणून तोही म्हणतो, त्याच्या तोंडी ते ‘काक्कू’ होतं. घरात आई आणि तो, दोघंच. आई हॉस्पिटलात नर्स, आठवड्यातून तीन रात्रपाळ्या. त्या रात्री तो आमच्याकडे जेवायचा. वरणभात त्याला मनापासून आवडतो, वर तूप मागून घेतो. नववीत एका वर्षात तो इतका वाढला, की आमच्या जेवणाच्या टेबलाखाली त्याचे गुडघे मावेनात. साडेसहा फूट झाला. मग तो खुर्ची आडवी करून, एका बाजूला पाय सोडून जेवायला लागला.

कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएएचं मुख्यालय आमच्याच इंडियानापोलिसमध्ये आहे. मुलांच्या बास्केटबॉलमध्ये कॉलेजच्या कोचनी खेळाडूला थेट फोन किंवा मेसेज करायचा तो दहावीचं वर्ष संपल्यावरच्या १५ जूनपासून, असा नियम. देशभरात ज्यांचं नाव झालेलं असतं त्या मुलांचे फोन त्या दिवशी रात्री बाराच्या ठोक्याला वाजू लागतात. याचा बाराला वाजला नाही. आई रात्रपाळीला, हा जागाच. सकाळी सव्वादहाला वाजला, तेव्हा आई नुकतीच येऊन झोपली होती. तिला उठवावं की नाही, हे कळेना म्हणून तो रस्ता ओलांडून आमच्या दारात आला.

“काक्कू, मी कुणालातरी हवा आहे,” तो म्हणाला.

मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, जा, उठव आईला. अशा बातमीसाठी झोपमोड झालेली कुठल्याही आईला चालते.

शाळेच्या संघात बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांतला जेमतेम एक पहिल्या श्रेणीच्या कॉलेजात पोचतो. तिथे कॉलेजं साडेतीनशेहून अधिक आहेत, पण प्रत्येकाकडे पूर्ण स्कॉलरशिपा तेव्हा तेराच असत. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यात. नर्सच्या पगारात मुलाला चार वर्षं शिकवायचं म्हणजे काय, हे ती बाई दर महिन्याला वहीत मांडून बघत असे. त्यामुळे त्या फोनकडे तिचं आणि त्याचं बघणं वेगळं होतं. त्याला मैदान दिसत होतं, तिला वही.

पुढचं सव्वा वर्ष त्या घरात जे चाललं होतं ते मी जवळून पाहिलं, आणि मला वारंवार आपल्याकडच्या स्थळं बघण्याची आठवण येत राहिली. ‘ऑफर’ हा शब्द तिथे सारखा असतो, पण ‘मुलगी पसंत आहे’ म्हणणं आणि सुपारी फुटणं यांत जेवढं अंतर, तेवढंच ऑफर आणि सही यांत. आज ऑफर देणारा कोच उद्या त्याच जागेसाठी दुसरा मुलगा मिळाला की हळूहळू फोन करणं थांबवतो. नाही म्हणत नाही, फक्त थांबतो. ही अशी शांतता आम्ही दोनदा अनुभवली. आम्ही म्हणते मी, कारण तोवर मीही त्यात पुरती अडकले होते.

कॉलेजच्या खर्चाने आईसकट दोन दिवस तिथे राहून यायचं, त्याला ऑफिशियल व्हिजिट म्हणतात. व्हिजिटवरून आला की त्याचा चेहरा मोठ्या घरच्या लग्नाला जाऊन आलेल्या माणसासारखा असायचा. लॉकर रूममध्ये याच्या नावाची जर्सी आधीच टांगलेली. ती घालून, दिव्यांच्या झोतात काढलेले फोटो. जेवायला स्टेक. संघातला एखादा मोठा मुलगा दोन दिवस याला सगळीकडे फिरवणार, आणि मोठ्या हॉलच्या पडद्यावर याच्या खेळाचा व्हिडिओ लावून निवेदक याचं नाव पुकारणार, जणू सामना सुरूच होतोय. सतरा वर्षांच्या पोराला याहून जास्त काय पाहिजे? मला त्याची काळजी वाटायची ती इथेच. जिथे आपलं इतकं कौतुक होतं, तिथे आपली परीक्षा घेणारं कुणी आहे का, हे बघायचं भान राहत नाही.

आईला होतं. ती व्हिजिटवर वही घेऊन जायची. याच्या जागेवर खेळणारे आणखी किती जण आहेत? त्यातले किती पुढच्या वर्षी उरणार? गेल्या वर्षी किती मुलं सोडून गेली, आणि का? आजारी पडला तर डॉक्टर कुठे? सकाळी सहाच्या सरावानंतर आठच्या वर्गात तो जागा राहतो की नाही, हे कोण बघतं? एका ठिकाणी म्हणे अभ्यासाची जबाबदारी असलेल्या बाईंनी तिला सांगितलं, की हे प्रश्न विचारणारी तुम्ही या वर्षातली पहिलीच आई आहात. त्यांनी ते कौतुकाने सांगितलं. ही मात्र घाबरून घरी आली.

शेवटी तीन कॉलेजं उरली. एक मोठं, ज्याचे सामने टीव्हीवर असतात. तिथे पहिली दोन वर्षं बाकावर बसावं लागणार, हे कोचनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. दुसरं मधलं, अकरा तासांच्या अंतरावर, पण तिथला कोच याच्यावर जीव टाकणारा. त्याने याचे शाळेतले जवळजवळ सगळे सामने पाहिलेले, आणि हा चुकल्यावर काय करतो, तेच तो बघायचा. तिसरं लहान, तीन तासांवर, जुन्या पद्धतीचं लाकडी बाकांचं जिम, आणि फारसं न बोलणारा कोच.

सप्टेंबर २०२४ मध्ये हे तिघे कोच एकेक करून घरी येऊन गेले. मी तिथे नव्हते, पण आमच्याकडून दोन खुर्च्या आणि एक मोठी ट्रे गेली होती, आणि दर वेळी ट्रे परत करायला ती आली की सगळा वृत्तांत मिळायचा. तिने तिघांनाही तोच एक प्रश्न विचारला होता. “समजा नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी रात्री माझ्या मुलाला घरी यावंसं वाटलं, तर तुम्ही काय कराल?”

मोठ्या कॉलेजचा कोच म्हणाला, आमच्याकडे त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. लहान कॉलेजचा कोच म्हणाला, बहुतेक सगळ्यांना वाटतंच तसं. दुसरा, लांबचा, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “काय करीन ते त्या दिवशीच कळेल. पण पहिला फोन तुम्हाला करीन.”

हाच प्रश्न का, हे मी तिला विचारलं. तिचं माहेर दक्षिण इंडियानात, फ्रेंच लिकपासून गाडीने वीस मिनिटांवर. त्या भागात लॅरी बर्डची गोष्ट सगळ्यांना घरातल्यासारखी ठाऊक असते.

फ्रेंच लिक म्हणजे दोनेक हजार वस्तीचं गाव. तिथला बर्ड पुढे एनबीए या व्यावसायिक लीगचा मोठा तारा झाला. १९७४ मध्ये तो स्कॉलरशिपवर इंडियाना युनिव्हर्सिटीत गेला, कोच बॉब नाइट यांच्या संघात. इंडियानातल्या मुलासाठी याच्यापुढे काही नव्हतं. पण त्या एका कॉलेजात तीस हजारांवर विद्यार्थी, आणि बर्डच्या घरची परिस्थिती अतिशय हलाखीची. चोविसाव्या दिवशी तो सामान घेऊन निघाला. नाइटना सांगितलंही नाही. रस्त्यात मिळेल त्या गाडीला हात करून गावी परतला, आणि गावाच्या नोकरीला लागला. कचऱ्याच्या गाडीवर काम केलं, गवत कापलं. आई नाराज होती. त्याच काळात वडिलांनी आत्महत्या केली.

“माझे आजोबा सांगायचे,” ती म्हणाली, “की तो गाडीच्या मागे उभा असायचा आणि लोक त्याला हात करायचे. कुणी विचारलं नाही, की का आलास.”

मग टेर हॉटच्या इंडियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे लोक त्याला शोधत गावात आले. १९७५ मध्ये तो तिकडे गेला. एक वर्ष नियमाप्रमाणे खेळायला मिळालं नाही. आणि १९७९ मध्ये ज्या कॉलेजने एनसीएएच्या मुख्य राष्ट्रीय स्पर्धेत तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं, ते एकही सामना न हरता अंतिम फेरीत गेलं. तिथे समोर मिशिगन स्टेटचा मॅजिक जॉन्सन होता, लान्सिंगचा, म्हणजे स्वतःच्या गावालगतचंच कॉलेज निवडलेला. बर्डचा संघ ७५-६४ असा हरला. कॉलेज बास्केटबॉलचा टीव्हीवर सर्वाधिक पाहिला गेलेला सामना म्हणून तो आजही सांगितला जातो. घरापासून फार लांब न गेलेल्या दोन पोरांचा सामना होता तो, असं मला वाटतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. बर्डमुळे नव्हे, कचऱ्याच्या गाडीला हात करणाऱ्या त्या लोकांमुळे.

मी सतराव्या वर्षी मिरजेहून पुण्याला शिकायला आले. बारावीला मार्क चांगले होते, प्रवेश मिळाला तो नातेवाइकांत सांगण्यासारखा होता, पेढे वाटून झाले होते. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी. पंधराव्या दिवशी माझ्या मनाने घेतलं, की हे आपलं ठिकाण नाही. कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता. रात्री अकरानंतर दर कमी व्हायचे म्हणून तेव्हा रांग लागायची. काचेच्या त्या खोक्यात उभं राहून मी बाबांना म्हटलं, मला परत यायचंय. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. बाबा म्हणाले, “अगं, आठवडाभर काढ. लोकांना काय सांगायचं?” मागे उभ्या असलेल्या मुलीने काचेवर बोटाने टकटक केलं. मी फोन ठेवला. आठवड्याचे चार वर्षं झाले. बाबा वाईट नव्हते, जगातल्या सगळ्यांत मऊ माणसांपैकी ते एक. पण परत आलेल्या मुलीला हात करणारं गाव त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून एलेना डेल डॉनची गोष्ट मी जेव्हा वाचली, तेव्हा ती मला माझ्याच कुणाची वाटली. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनची ही मुलगी. २००८ मध्ये शाळकरी मुलींमध्ये देशात पहिल्या क्रमांकाची खेळाडू मानली जात होती, आणि मुलींच्या बास्केटबॉलचं सर्वोच्च पीठ समजल्या जाणाऱ्या कनेटिकट विद्यापीठाने तिला घेतलं होतं. त्या उन्हाळ्यात ती तिकडे गेली आणि दोन दिवसांत परत आली. तिची मोठी बहीण लिझी जन्मापासून अंध आणि बहिरी, शिवाय तिला सेरेब्रल पाल्सी. लिझी आपल्या माणसांना ओळखते ती स्पर्शाने आणि वासाने.

हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. माझ्याकडे निदान एसटीडी बूथ होता. लिझीला फोन करता येत नाही, पत्र पाठवता येत नाही, फोटो दाखवता येत नाही. बहीण लांब गेली म्हणजे लिझीच्या जगात ती नाहीशीच झाली. एलेना घरी आली, घराजवळच्या डेलावेअर विद्यापीठात नाव घातलं, आणि वर्षभर चक्क व्हॉलीबॉल खेळली, कारण बास्केटबॉलवरचंही तिचं मन उडालं होतं. नंतर ती पुन्हा चेंडूकडे वळली, त्याच विद्यापीठाकडून. २०१३ मध्ये डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक लीगमध्ये, तिची निवड दुसऱ्या क्रमांकावर झाली. पुढे दोनदा ती लीगची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. पण हे सगळं झालं नसतं, आणि ती डेलावेअरमध्ये मुलींना व्हॉलीबॉल शिकवत राहिली असती, तरी त्या दोन दिवसांनंतरचं परतणं मला तेवढंच मोलाचं वाटलं असतं.

१८ ऑक्टोबर २०२४ ला व्हर्जिनिया विद्यापीठाचे कोच टोनी बेनेट अचानक निवृत्त झाले. २०१९ चं विजेतेपद मिळवून देणारा माणूस, हंगामाला तीन आठवडेही उरले नव्हते. समोरच्या घरात त्या संध्याकाळी चेंडूचा आवाज आला नाही. तो आमच्या ओट्याशी उभा होता. “काक्कू, त्यांच्यासाठी आलेल्या मुलांनी आता काय करायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सही होते ती कॉलेजशी, कोचशी नव्हे. पोरं मात्र माणूस बघून जातात. जावंच त्यांनी माणूस बघून, दुसरं काय बघणार? पुढे एनबीएचा मोठा तारा झालेल्या स्टीफन करीला आई-वडिलांच्या कॉलेजाने, व्हर्जिनिया टेकने, स्कॉलरशिप देऊ केली नाही. त्याला हवा म्हणणारे कोच बॉब मॅकिलॉप डेव्हिडसन या लहानशा कॉलेजात होते. तिथल्या पहिल्याच सामन्यात त्याने तेरा वेळा चेंडू गमावला, आणि दुसऱ्या सामन्यात त्याच मॅकिलॉपनी त्याला पुन्हा उतरवलं. त्या दिवशी त्याने ३२ गुण केले. असा माणूस भेटणं हेच तर शोधायचं असतं. पण करी तिथे होता तोवर मॅकिलॉपही तिथेच होते, हे नशीब सगळ्यांचं नसतं.

नोव्हेंबरात समोरच्या पोराने सही केली. अकरा तासांवरच्या त्या कोचकडे. शाळेच्या जिममध्ये टेबल मांडलं होतं, आईने निळा ड्रेस घातला होता, मी बेसनाचे लाडू केले होते. महिन्याभराने, १० डिसेंबरला, एजे डिबांत्सा या त्या वर्षातल्या सर्वांत गाजलेल्या मुलाने टीव्हीवर थेट कार्यक्रमात बीवाययू या विद्यापीठाचं नाव जाहीर केलं. तिथले कोच केव्हिन यंग एनबीएत काम करून आलेले, आणि त्याला पुढे एनबीएतच जायचं होतं. एनबीएत जाण्याआधी शाळेनंतर निदान एक वर्ष थांबावं लागतं, म्हणून त्या दर्जाच्या मुलांसाठी कॉलेज म्हणजे एका वर्षाचा मुक्काम असतो. पैसाही आता उघड आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमावता येतं, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजं स्वतःच्या उत्पन्नातून त्यांना थेट वाटा देऊ शकतात; पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. मुलांना त्यांच्या घामाचे पैसे मिळतात हे मला मनापासून बरं वाटतं. पण आमच्या शेजाऱ्यासारख्यांच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं.

मार्चच्या शेवटी एका शुक्रवारी अकरा तासांवरचा तो कोच दुसऱ्या, मोठ्या कॉलेजात गेला.

त्याने दिलेला शब्द पाळला, हे सांगायला हवं. पहिला फोन त्याने आईलाच केला. ती रात्रपाळीच्या तयारीत होती. पाच मिनिटं बोलणं झालं. मग ती कामावर गेली, कारण जाणं भाग होतं, आणि तो आमच्याकडे आला. जेवला नाही. पानात वरणभात निवत राहिला. माझा मुलगा त्याच्या शेजारी नुसता बसून होता, आणि मला त्या क्षणी माझ्या मुलाचा फार अभिमान वाटला, कारण तो काही बोलला नाही.

त्या कॉलेजने सोडपत्र दिलं. पण हे असे दिवस होते की ट्रान्सफर पोर्टल नुकतं उघडलेलं, देशभरातले दोन हजारांहून अधिक खेळाडू कॉलेज बदलायला निघालेले. एकवीस-बावीस वर्षांचा, दोन-तीन हंगाम खेळलेला तयार गडी मिळत असताना अठरा वर्षांच्या पोराला कोण घेणार? आधीच्या तिघांतल्या मोठ्या कॉलेजने कळवलं, जागा भरली. आठ दिवस फोन शांत होता. त्या आठ दिवसांत हूपवर रोज पहाटे पाचला आवाज यायचा, आणि आमच्या गल्लीतल्या एकाही घराने तक्रार केली नाही.

नवव्या दिवशी लहान कॉलेजचा तो न बोलणारा कोच स्वतः गाडी चालवत आला. तीन तास. म्हणाला, तुझी जागा मी भरली नव्हती. का, हे त्याने सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

जूनमध्ये तो गेला. नव्या मुलांना उन्हाळ्यातच बोलावतात. गाडी भरताना त्याच्या उशीला जागा होईना, तेव्हा त्याने ती मांडीवर घेतली. मी डब्यात पोळ्या आणि लसणाची चटणी दिली. आई गाडी चालवत होती. वळणावर तिने हॉर्न वाजवला.

मग खिडकीसमोर काहीच नाही. जुलै, ऑगस्ट. कुकरच्या शिट्ट्या मोजताना माझा हिशेब चुकायला लागला.

ऑक्टोबरातली एक रात्र. मंगळवारच होता की काय, मी मुद्दाम कॅलेंडर पाहिलं नाही. साडेनऊ झाले असतील, भांडी घासत होते. तीनदा आपटल्याचा आवाज, मग क्षणभर काहीच नाही, मग ‘ठण्ण’. पुन्हा तीनदा. पुन्हा ‘ठण्ण’. हात पुसून मी खिडकीशी गेले. ड्राइव्हवेवरचा दिवा लागला होता. तो होता, अंगात कॉलेजचा हुडी. आई रात्रपाळीचा निळा गणवेश घालून पायरीवर बसली होती, कामाला निघायची वेळ टळून गेलेली, मांडीवर घड्या न केलेल्या कपड्यांची टोपली.

त्याने मला पाहिलं आणि हात केला. मीही केला. फ्रीजमधून सकाळचं वरण काढलं, भाताचा कुकर लावला आणि दार उघडून म्हटलं, “ये, जेवायला ये.” किती दिवस राहणार, हे मी विचारलं नाही. तो आला, खुर्ची आडवी केली, एका बाजूला पाय सोडून बसला आणि म्हणाला, “काक्कू, तूप आहे?”